तेच रिव्हॉल्व्हर

कोल्टच्या कारखान्यातले १८५१ सालचे नेव्ही रिव्हॉल्व्हर आजही चालते ठेवणारे हौशी लोक अमेरिकेत आहेत. शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या, तुटलेली स्प्रिंग बदलायची, नवा भाग कानशीने घासून नेमका बसवायचा, हा त्यांचा घरगुती उद्योग. काम लोहाराचे, पण ‘तेच’ म्हणजे काय, हा जुना वाद त्या एका टेबलावर दोन्ही अंगांनी मांडलेला असतो. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. मातीच्या बांधात रुतलेल्या गोळ्या वेचल्या, वितळवल्या, वरची मळी काढली, की नव्या गोळ्या. द्रव्य टिकले, आकार मेला. रिव्हॉल्व्हरचे उलटे: आकार टिकतो, द्रव्य तुकड्यातुकड्याने बदलत जाते.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, माती, सोने आणि लोखंड यांचे दाखले देतो. लोखंडासाठी त्याला नराणी सुचावी, हे गमतीचेच. घडण नावापुरती, खरे ते द्रव्य, असा त्याचा रोख. गोळीला तो चपखल बसतो; रिव्हॉल्व्हरपाशी अडतो. न्यायदर्शनाचे पंडित, नैयायिक, इथे कचरत नाहीत: अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट, नवा उत्पन्न. तर्क चोख आहे, पण मग दर दुरुस्तीनंतर मालकाच्या हाती परकी वस्तू येते. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातला भिक्षू नागसेन म्हणतो, चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, आणि त्यांच्याबाहेरही रथ नाही. ‘रथ’ हे व्यवहारातले नाव. मी त्याच्या बाजूचा. फक्त व्यवहार म्हणजे मनमानी नव्हे. कोल्टच्या कारखान्यात नळी, सांगाडा, चापाचे कडे यांवर एकच क्रमांक ठोकत. ते क्रमांक जुळले की संग्राहक जास्त पैसे मोजतात. त्या आकड्याने धातूत गुंजभरही भर पडत नाही. हे भाग पहिल्यापासून एकत्र नांदले, एवढीच साक्ष तो देतो. ‘तेच’पण या सलग सहवासात आहे. एक भाग गेला तेव्हा उरलेले जागेवर होते, आणि नव्याला त्यांनी सामावून घेतले.

फळी-फळीने बदलत गेलेल्या थिसियसच्या जहाजाबद्दल तत्त्वज्ञ हॉब्जने काढलेला आक्षेप इथेही येतो: काढलेले सगळे भाग डबीत जमवून कोणी दुसरे रिव्हॉल्व्हर जोडले तर? तर ते जुन्या भागांचे नवे रिव्हॉल्व्हर. डबीत पडून असताना त्यांचा सहवास तुटला होता. मात्र सगळे भाग एकाच दिवशी बदलले, तर माझी कसोटी डबीच्या बाजूने कौल देईल, आणि ते मला मान्य आहे. दुसरा आक्षेप कायद्याचा. अमेरिकी कायदा १८९८ किंवा त्याआधीच्या शस्त्राला पुराणे मानतो, आणि टोपी व सुट्या दारूवर चालणारी इटलीत घडलेली कालपरवाची प्रतिकृतीही त्याच वर्गात घालतो. म्हणजे पुराणेपण सोयीचेच? नाही. कायद्याला तिथे वर्गवारी करायची आहे. वस्तू कोणती, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही.

सहवासाची साक्ष टिकावी म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांना एकच विनंती: काढलेली स्प्रिंग फेकू नका. तारीख आणि क्रमांक लिहून ती रिव्हॉल्व्हरच्या पेटीतच ठेवा.