आजीचं ‘नगं’

आजीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय हे मला गेल्या दिवाळीत कळलं. ती तांदूळ निवडत होती आणि खडे बोटांनी चाचपून शोधत होती. मी म्हटलं, “दवाखान्यात जाऊ.” ती म्हणाली, “नगं रं बाबा. आता ह्या वयात काय बघायचंय?” मी दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर आलं. मग लॅपटॉप बॅगेत टाकून मी पुण्याला परतलो. तिच्या मताचा आदर केला, असं मला खरंच वाटत होतं.

कागदावर तिला अडचण नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून राज्यात एसटीचं तिकीट नाही. सत्तरीपुढच्यांना २०२४पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तरी ती नको म्हणते, म्हणजे तिला नकोच असणार!

पण आजी एकटी जाऊ शकत नाही. सोबत काका गेले की त्यांचा रोज बुडतो, तोही तपासणी, ऑपरेशन आणि पुन्हा तपासणी असा तीन-चार वेळा. नंतर काही आठवडे दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब कोण घालणार? चुलीपुढे कोण बसणार? मी विचारण्याआधीच तिने हे सगळं मोजलं होतं. मी विचारलं होतं, ‘तुला नीट दिसायला हवंय का?’ तिने उत्तर दिलं, ते ‘तुम्हाला त्रास देऊ का?’ या प्रश्नाचं.

अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं होतं, की लोकांना विचारलं तर आजारपण जास्त सांगायचा केरळ आणि कमी सांगायचा बिहार. आयुर्मान मात्र केरळचंच जास्त. जिथे उपचार हाताशी नसतात तिथे माणसं दुखणं ‘वय झालं’ या नावाखाली ठेवून देतात. मग त्यांचा नकार हा त्यांचा स्वतंत्र निर्णय म्हणायचा का?

याचा अर्थ म्हाताऱ्या माणसांना उचलून दवाखान्यात न्यावं असा नाही. नाही म्हणायचा हक्क त्यांचाच आहे. पण तो नकार खरा मानायचा, तर आधी त्यावरचं ओझं आपण उतरवायला हवं. ते न उतरवता आदर केला, तर त्यात आपलीच सोय असते. माझी होती. माझी रजा वाचली होती.

फेब्रुवारीत मी आठवडाभराची रजा टाकून गेलो. या वेळी विचारलं नाही, सांगितलं : “गाडी ठरवलीय, आठवडाभर मी इथंच आहे, थेंब मी घालतो. पुढचं काकूशी बोललोय. एवढं करूनही नको असेल, तर नको.”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दुसरा डोळाबी तवाच बघत्यात का रं?”