अंगणातले गुरू

दत्तभक्तहो, श्रीमद्भागवताच्या ११ व्या स्कंधात अवधूतांनी २४ गुरू सांगितले. त्यांत मधमाशी, कोळी, कुंभारमाशी आणि सर्पही आहे. दत्तजयंतीच्या साफसफाईत आपण कुंभारमाशीचं घर फोडतो, मग पोथी उघडतो. हा ताळेबंद जुळतो का?

उंबराची फुलं फळाच्या आत असतात. आत शिरणाऱ्या बारीक किड्यावाचून त्यात बी धरत नाही. औदुंबर किड्याला पोटात सांभाळतो, मग आपण अंगणाचा एक कोपरा सोडायला काय हरकत?

जालन्यात आमच्याकडे तेवढंच केलंय. कोपऱ्यात पालापाचोळा, परळात पाणी, औषधाची फवारणी बंद. नातवंडांपायी सापाची भीती वाटते, ती खोटी नाही. पाला घरापासून दूर ठेवावा, साप निघालाच तर सर्पमित्राला बोलवावं. काठी उचलू नये. गुरूला जागा देणं हीसुद्धा दक्षिणाच.

।। श्री गुरुदेव दत्त ।।