टाकून दिलेल्या सालींचा रंग



आज झावळ्यांचा रविवार. पुढच्या रविवारी प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण. मार्झिपानची व चॉकलेटची अंडी बेकरीत मिळतात, ती मुलांसाठी जरूर आणावीत. परंतु यंदा प्रत्येक घराने थोडी अंडी स्वतःच्या हाताने रंगवावीत, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी विकतचा रंग नको. आपल्या स्वयंपाकघरात जे असते, किंबहुना जे आपण कचऱ्यात टाकतो, तेवढे पुरे.

आठ-दहा कांद्यांच्या कोरड्या साली अर्धा लीटर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळाव्यात. पाणी गाळून थंड करावे व त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालावे. त्या आंबटपणामुळे कवच रंग नीट धरते. उकडून गार केलेली अंडी त्यात बुडवावीत. अर्ध्या तासात केशरी छटा येते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यास विटकरी तांबडा रंग चढतो. हळदीच्या पाण्यात पिवळा, बिटाच्या पाण्यात गुलाबी आणि जांभळ्या कोबीच्या पाण्यात चक्क निळा! अंड्यावर कोथिंबिरीचे पान चिकटवून पातळ कापडात घट्ट बांधले, तर पानाची फिकट नक्षी उमटते. हे काम मुलांना द्यावे. दिवस उन्हाळ्याचे आहेत, म्हणून खाण्याची अंडी दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत.

ही प्रथा जुनी आहे. पूर्वी पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत प्रायश्चित्तकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या मात्र उपवास पाळत नसत! साठलेली अंडी सणाच्या दिवशी आशीर्वादासाठी आणली जात. १६१४ साली पोप पाचवे पॉल ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथात त्या आशीर्वादाची प्रार्थना आहे. ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स कुटुंबे आजही पवित्र गुरुवारी अंडी तांबडी रंगवतात. तो ख्रिस्ताच्या रक्ताचा रंग, आणि तो काढण्याची जुनी रीत कांद्याच्या सालींचीच.

मुलाने अंडे मागितले तर बाप त्याला विंचू देईल काय, असे प्रभू विचारतो (लूक ११). त्यावर प्रवचन करताना संत ऑगस्टीन ह्यांनी अंड्याला आशेचे चिन्ह मानले. अंडे हातात असते, पण पिलू अजून दिसत नाही. शनिवारच्या रात्रीही असेच असते. अंडे रंगात आहे, प्रभू कबरेत आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही.

आता त्या सालीकडे पाहू या. कांदा चिरताना पहिली टाकली जाते ती साल, आणि सणाचा रंग तिच्यातच दडलेला असतो. पुनरुत्थानाच्या मिस्सात आपण ११८ वे स्तोत्र म्हणतो. त्यात गवंड्यांनी बाजूला सारलेल्या दगडालाच देव कोपऱ्यात मानाची जागा देतो. येशूला नगराच्या वेशीबाहेर नेऊन मारले. त्यालाच पित्याने उठवले.

आपल्या उल्हासनगरला ही गोष्ट परकी वाटू नये. १९४७ च्या फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही आपण पत्ता सांगताना ‘कॅम्प १’ म्हणतो. ज्यांचे सर्वस्व गेले होते, त्यांनी इथे शहर उभे केले.

मग आपण कोणाला बाजूला टाकले आहे? नोकरी सुटल्यामुळे मान खाली घालून वावरणारा भाऊ असेल. पाहुणे आले की जिला आतल्या खोलीत बसवले जाते ती आजी असेल. दारू सोडण्याची धडपड करणारा, पण कोणाचाच विश्वास नसलेला शेजारी असेल. जुन्या भांडणामुळे चर्चला यायचे थांबलेले एखादे कुटुंब असेल, आणि त्या भांडणात आपलाही वाटा असेल.

म्हणून शनिवारी रात्री अंडी भिजत घाला व रविवारी सकाळी मिस्साला आशीर्वादासाठी आणा. घरात जितकी माणसे, त्याहून एक अंडे अधिक असू द्या. मिस्सा झाल्यावर ते जास्तीचे अंडे घेऊन त्या माणसाच्या दारी जा. नुसते हातात ठेवून परतू नका. आत जाऊन बसा, चहा घ्या, जे बोलायचे राहिले आहे ते बोला. घरच्या ताटातली अंडी त्यानंतर फोडा.

पुनरुत्थित प्रभू तुम्हां सर्वांना आनंद व शांती देवो. आमेन.

– तुमचे धर्मगुरू