वादळ वळले, पण कोणाकडे?



मे महिना सरत आला की आपल्या किनाऱ्यावर वादळाची भाषा सुरू होते. कमी दाबाचा पट्टा, लाल इशारा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे ते बातमी ऐकून पंखा लावतात. तुर्भ्याच्या, दिघ्याच्या डोंगरउतारावर ज्यांचे पत्रे दगडांनी दाबलेले आहेत, त्यांना त्या रात्री झोप लागत नाही. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबाची परीक्षा विहारात होत नाही, ती अशाच रात्री घरात होते.

३ जून २०२० चा बुधवार तुम्हांला आठवत असेल. 'निसर्ग' नावाचे तीव्र चक्रीवादळ अरबी समुद्रातून आपल्याकडे निघाले होते. कोरोनाची टाळेबंदी होती, विहार बंद होते. आमच्या वस्तीत वर्षभरापूर्वी दीक्षा घेतलेली एक आजी राहते. दुष्काळात गाव सोडून खाणीवर खडी फोडायला आलेली ही बाई. तिने आदल्या रात्री पत्र्याच्या आडोशाला गुपचूप नारळ आणि हळदकुंकवाची पुडी ठेवली. मुलाने पाहिले आणि तो तिच्यावर ओरडला, "आई, बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना?"

आजी म्हणाली, "घेतल्या बाबा. पन पत्रा उडाला तर जायचं कुठं?"

बंधूंनो, त्या माउलीला हसू नका. भयाने पछाडलेली माणसे डोंगराला, झाडाला, देवळाला शरण जातात, पण ते शरण निर्भय करीत नाही, असे तथागतांनी सांगितले आहे. सांगितले ते करुणेने, ओरडून नव्हे. आजीचा प्रश्न पत्र्याचा होता आणि त्याचे उत्तर दोरीने द्यायचे होते. ते गल्लीतल्या पोरांनी दिले. त्यांनी पत्रे काथ्याने आवळले आणि दरडीखालची चार घरे महापालिकेच्या शाळेत हलवली.

दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. मुंबई आणि नवी मुंबईला पाऊस झाला, झाडे पडली, पण मोठा घाव चुकला. संध्याकाळी आजी म्हणाली, देवी पावली. तिचा मुलगा म्हणाला, "देवी नाही, आम्ही घरोघर परित्राण पाठ केला म्हणून वादळ वळले." आणि खरे सांगतो, मीही मान डोलावली.

मान डोलावली त्याची लाज मला तीन दिवसांनी वाटली. वादळ वळले, ते कोणाकडे? श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड इकडची नारळी-पोफळीची झाडे मुळासकट आडवी झाली. पोफळ लावल्यावर सुपारी हाती यायला कित्येक वर्षे जातात, एका दुपारी ती गेली. पुढे दापोली, मंडणगड येथे घरांची छपरे उडाली, गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. मंडणगड तालुक्यातच आंबडवे आहे, परमपूज्य बाबासाहेबांचे मूळ गाव. तिथल्या उपासकांनी वंदना केली नव्हती काय? त्यांची श्रद्धा आपल्यापेक्षा उणी होती काय? आमच्या पाठाने वादळ वळले असे म्हणणे म्हणजे ते आम्ही त्यांच्या अंगावर घातले असे म्हणणे. नारळाच्या जागी परित्राणाचा धागा ठेवला आणि मन तेच राहिले, तर बदलले काय?

वादळ कोणाच्या कोपाने येत नाही. समुद्राचे पाणी सुमारे २७ अंशांपर्यंत तापले की त्याची वाफ होऊन वर जाते. वर थंड होऊन तिचे ढग होतात, तेव्हा तिच्यातली उष्णता बाहेर पडते. त्याने हवा आणखी वर खेचली जाते, खाली दाब कमी होतो आणि चहूकडून वारा धावतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो गरगरू लागतो. जमिनीवर आला की वाफेचा पुरवठा तुटतो आणि वादळ मरते. कारण असले की कार्य होते, कारण तुटले की कार्य थांबते. हा प्रतीत्यसमुत्पाद समुद्रालाही लागू आहे. अलीकडे अरबी समुद्र अधिक तापतो आहे, त्यामागेही माणसाचेच कर्म आहे. (कर्म म्हणजे गेल्या जन्मीचे नव्हे, कारखान्यांच्या धुराड्यांचे.)

मग परित्राण पाठ कशासाठी? मन स्थिर व्हावे म्हणून. थरथरणारा हात दोरीला गाठ मारू शकत नाही.

ओरिसाचे पाहा. ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तिथे सुमारे १० हजार माणसे मेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' त्याच राज्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा मृत्यू पन्नासच्या आसपास होते. मधल्या काळात निवारे बांधले गेले, इशारे वेळेवर गेले, लाखो लोकांना आधीच हलवले गेले. याला भगवंतांनी अप्रमाद म्हटले आहे.

कालामांना दिलेला उपदेश वादळाच्या दिवशीही विसरू नका. जून १८८२ मध्ये वादळाने मुंबईत १ लाख माणसे मेली, असे कित्येक पुस्तकांत छापले आहे. संशोधकांनी त्या काळची वृत्तपत्रे आणि नोंदी तपासल्या, तेव्हा अशा वादळाचा पुरावाच सापडला नाही. छापील पुस्तकाची ही गत, मग मोबाइलवर आलेल्या निरोपाची काय? हवामान खात्याचे ऐका. रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांची प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार हे आदल्या दिवशीच ठरवा, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो.

१७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मुंबईच्या समोरून गुजरातकडे गेले. या वेळी आजीने नारळ ठेवला होता की नाही हे मी पाहिले नाही, विचारलेही नाही. वादळ गेल्यावर बातमी आली की भर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. आजी दाराशी बसली होती. मला थांबवून तिने विचारले, "ती पोरं कुठल्या गावची होती रं? त्यांच्या घरी कुनी सांगितलं का?"