सेव्ह करून केलेलं पाप

बस खाली. निबंध वाचला तुझा. ‘बाल्डर्स गेट ३ मध्ये मी खलनायक झालो आणि कंटाळलो’ म्हणे. कंटाळलास हे खरं असेल, खलनायक झालास हे साफ खोटं.

काय केलंस तू त्या गेममध्ये? एमराल्ड ग्रोव्हमध्ये टीफ्लिंग निर्वासित जीव मुठीत धरून बसले होते. गॉब्लिनांच्या म्होरक्या मिंथाराला तू त्यांचा ठावठिकाणा सांगितलास, आतून दार उघडलंस, गॉब्लिनांनी कत्तल केली. इथवर ठीक. मग तुझ्या साथीदारांपैकी विल सोडून गेला, कार्लाख सोडून गेली, आणि साहेबांनी आधीचा सेव्ह उघडला! का, तर ‘कार्लाख आवडते’. अरे, तिच्या छातीतलं ते धगधगतं इंजिन ज्याच्या हातून जरा निवणार होतं, तो डॅमन लोहार त्याच ग्रोव्हमध्ये राहत होता. त्याला मारून ती तुझ्या तळावर हसत-खिदळत बसेल, अशी अपेक्षा होती तुझी? लोकांची घरं जाळायची आणि दोस्तांनी लाडही करायचे, याला खलनायकी म्हणत नाहीत. लाडावलेपण म्हणतात.

आणि दार उघडलंस कशासाठी? तूच लिहिलंयस, ‘बघू काय होतं म्हणून’. हे काय कारण झालं? ‘सामना’ सिनेमा बघ. १९७५ चा आहे, जुना म्हणून नाक मुरडू नकोस. निळू फुल्यांचा हिंदुराव स्वतःला दुष्ट समजतो का? गाव आपणच उभं केलं असं त्याला मनापासून वाटतं, म्हणून तर त्याची भीती वाटते. गेममध्येच हवं असेल तर ऑब्सिडियनचा ‘टिरनी’ खेळ, २०१६ चा. तिथे दुष्टांनी आधीच जग जिंकलेलं असतं आणि तू त्यांचा न्यायाधिकारी असतोस. त्यांचा अधिपती कायरॉस, त्याचा हुकूम पाळायचा, वाकवायचा की गिळून गप्प बसायचं, हे दर वळणावर ठरवावं लागतं. तिथे ‘बघू काय होतं’ म्हणणारा माणूस लगेच उघडा पडतो.

‘फॉलआउट ३’ चं उदाहरण दिलंस, तेही अर्धवट. मेगाटन उडवलं, स्फोट भारी दिसला, एवढंच. ते बटण टेनपेनी टॉवरच्या गच्चीतून दाबायचं असतं आणि बक्षीस म्हणून त्याच टॉवरमध्ये राहायला खोली मिळते, हे तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही? आख्खं गाव उडवायचं ते कुणाला वरून दिसणारा देखावा खुपतो म्हणून! त्या प्रसंगात लिहिण्यासारखं हेच होतं. तू मात्र आगीचा रंग वर्णन करत बसलास.

तुझी एक तक्रार मान्य करतो. वाईट वाटेवर मजकूर कमी असतो, हे खरं आहे. बायोवेअरमध्ये काम केलेल्या जॉन एबेंजर यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं की ‘मास इफेक्ट’चे ९२ टक्क्यांच्या आसपास खेळाडू पॅरागॉनच, म्हणजे सज्जनपणाच, निवडत. रेनेगेडसाठी, म्हणजे वाईट वाटेसाठीही तितकीच मेहनत घेतली होती, तरी. मग पुढे लेखक कुणासाठी रात्री जागवणार? पण ‘ग्रोव्ह संपल्यावर तिथली कामं आणि दुकानदारही गेले, हा अन्याय आहे’ हे वाक्य मी लाल शाईने खोडलंय. मेलेली माणसं दुकान मांडत नाहीत, बाळा.

टोबी फॉक्सला तुझ्यासारखे पळपुटे पुरते ठाऊक होते. त्याच्या ‘अंडरटेल’मध्ये एकदा सगळ्यांचा संहार शेवटपर्यंत नेला की नव्याने डाव मांडूनही सुटका नाही. नंतर कितीही सज्जनपणे खेळ, गोड शेवटावर डाग राहतोच. याबद्दल तुझ्या निबंधात एक ओळ नाही.

तेव्हा हा कागद परत घे. पुन्हा खेळ, या वेळी ऑनर मोडमध्ये, तिथे सेव्ह एकच असतो. दार उघडण्याआधी तुझ्या पात्राला काय हवंय ते वहीत लिहून मला दाखव. कार्लाख गेली तर गेली. आणि वाटेत मेलास, तर ‘सर, पुन्हा सुरू करू का’ असं विचारायला येऊ नकोस. मेलास कसा, ते लिहून आण.