आकडा तयार कसा होतो?

ग्रामीण महाविद्यालयांत डेटा सायन्सची पदवी असावी का, या चर्चेत सध्या तीनच प्रश्न ऐकू येतात: संगणक किती, इंटरनेटचा वेग किती आणि नोकरी किती पगाराची. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींना या विषयासाठी आसनगावहून लोकल किंवा मुरबाडहून एसटी पकडून रोज कल्याण गाठावे लागू नये, हे मलाही वाटते. पण शिकवायचे काय, हे कुणी विचारत नाही. आधी पायथॉन, मग मशीन लर्निंग, शेवटी एक प्रकल्प, हे जणू ठरलेलेच आहे. ‘डेटा हे नवे तेल’ हे २००६पासून फिरणारे वाक्य या गृहीतकाच्या मुळाशी आहे. तेल माणसाचा हात न लागताही जमिनीखाली असते. आकडा मात्र कुणीतरी, कुठल्यातरी कारणासाठी लिहिलेला असतो.

महाराष्ट्राला ही जाणीव नवी नाही. पुण्याची गोखले संस्था, १९५३ साली पुणे विद्यापीठात हुजूरबाजारांनी उभारलेला संख्याशास्त्र विभाग, दांडेकर आणि रथ यांचा गरिबीवरचा अभ्यास ही नावे वाचकांना ठाऊक आहेत. या परंपरेत आकडा कुठून आणि कसा आला, हा प्रश्न गौण नव्हता.

विद्यार्थ्यांनी आपल्या भागातल्या आकड्यांपासून सुरुवात करावी, याविरुद्धचे एक मत मात्र गंभीर आहे. पद्धत सार्वत्रिक असते, ती फुलांच्या पाकळ्यांच्या मापांवर शिका किंवा बोस्टनच्या घरांच्या किमतींवर. शहापूरच्या मुलांना शहापूरचेच आकडे देण्याचा आग्रह भावनिक आहे, असे हे मत सांगते. सूत्र सर्वत्र एकच असते, हे खरे. फिशर यांनी १९३६ साली वापरलेल्या आयरिसच्या दीडशे फुलांवर वर्गीकरण उत्तम शिकवता येते. पण तो तक्ता विद्यार्थ्याच्या हाती तयार येतो. फुले कुणी निवडली, कुणी मोजली, हे वर्गात विचारावेच लागत नाही, आणि न विचारण्याची सवयही सूत्राबरोबरच लागते.

मोजणी कशी झाली हे विचारल्यावर काय सापडते, ते पाहा. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखवले, की उत्पन्न मोजण्याच्या पीक कापणी प्रयोगासाठी आखलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न फुगून दिसते. हद्दीवरची रोपे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो, आणि तुकडा जितका लहान तितका क्षेत्राच्या मानाने हद्दीचा वाटा मोठा. छोट्या तुकड्यांचा पुरस्कार करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी त्यांचा वाद झाला तो यावरूनच. आज पीक विम्याची भरपाई ठरवताना कापणी प्रयोग पाहिले जातात. मुरबाडच्या भातशेतीत उत्पन्न फुगलेले दिसले, तर भरपाई घटते. ही चूक शेताच्या बांधावर सापडते, तक्त्यात नव्हे.

यावर उत्तर येते, की ‘डेटा क्लीनिंग’च्या तासाला हे शिकवतातच. नाही शिकवत. तिथे रिकामा रकाना भरायला शिकवतात; जी ओळ तक्त्यात आलीच नाही, तिचे काय? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. त्या महिन्यांत गावच्या अंगणवाडीत मुलांच्या वजनाची सरासरी काढली, तर ती उरलेल्या मुलांची निघते. टँकरच्या आकड्याचेही तसेच. मुंबईच्या पाण्याचा सुमारे निम्मा वाटा देणारे भातसा धरण शहापुरात आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात. टँकरची संख्या मंजूर प्रस्ताव मोजते. ज्या पाड्याचा प्रस्तावच गेला नाही, तो त्या तक्त्यात नसतो, आणि कोणतीही आज्ञावली त्याला शोधून आणणार नाही.

 

म्हणून माझ्या मते खरा भेद शहर आणि खेडे यांत नाही, सिद्धान्त आणि कौशल्य यांतही नाही. तो आकडा चालवणे आणि आकडा तपासणे यांत आहे. चालवणे कुठेही शिकता येते. तपासायला मात्र जिथे आकडा लिहिला जातो तिथे जावे लागते, आणि शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याला ते ठिकाण घराजवळ आहे. त्याची ही बाजू मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा भक्कम आहे. अभ्यासक्रम मात्र तिला उणीव समजतो.

अभ्यास मंडळांनी पहिल्या सत्रात तयार तक्ता देऊच नये. नव्या पदवी आराखड्यात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. ते इथे खर्च करावेत. ई-पीक पाहणी, कापणी प्रयोग, अंगणवाडीचे वजन, टँकरचे प्रस्ताव यांपैकी एक नोंद घेऊन ती कोण, कधी, कशी करतो आणि तिच्यातून कोण सुटतो, हे विद्यार्थ्याने शोधावे. पायथॉन दुसऱ्या सत्रात शिकला तरी बिघडत नाही. आपल्या तालुक्यातला एक आकडा कसा तयार होतो हे ज्याला सांगता येत नाही, त्याला या विषयाची पदवी देऊ नये.