काठावरच्या माणसाचा अधिकार

फुटत्या लाटेवर फळी टाकून, तिच्यावर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याच्या खेळाला सर्फिंग म्हणतात, आणि त्याचे एक वैशिष्ट्य असे की एक जण पाण्यात असतो तेव्हा त्याच्या सोबत आलेला दुसरा बहुधा काठावर बसून पाहत असतो. हे दोघे बाप-लेक असतील आणि परक्या देशात गाडीने किनारा पालथा घालत असतील, तर कोणाच्या जिवाच्या जोखमीवर कोणाचा किती अधिकार, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न दर मुक्कामाला नव्याने उभा राहतो. त्याचा विचार करण्यासाठी पुढील प्रसंग कल्पिला आहे. स्थळे आणि समुद्र मात्र खरे आहेत.

स्थळ ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ग्रेट ओशन रोड. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी, न परतलेल्या सहकाऱ्यांचे स्मारक म्हणून 1919 ते 1932 या काळात कुदळ-फावड्यांनी खोदलेला हा सुमारे 243 किलोमीटरचा रस्ता टॉर्की गावापासून पश्चिमेला जातो. टॉर्कीजवळच्या बेल्स बीचवर 1960च्या दशकाच्या आरंभापासून ईस्टरच्या सुमारास सर्फिंगच्या स्पर्धा भरत आल्या आहेत. मुलगी दहा वर्षे मेलबर्नला स्थायिक असून सर्फिंगमध्ये मुरलेली आहे. वडील सहासष्ट वर्षांचे, मालवणचे. तरुणपणी त्यांनी रापण ओढलेली आहे, म्हणजे किनाऱ्यावरून पाण्यात सोडलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी माणसे लावून बाहेर खेचण्याचे काम केलेले आहे. टॉर्की, अँगलसी, लॉर्न असे करत दोघे शेरब्रुक नदीच्या मुखापाशी येतात. इथे जीवरक्षकांचा पहारा नाही. वडिलांना पाण्यात उतरायचे आहे आणि मुलगी नको म्हणते.

वडील : दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधला पट्टा तेवढा शांत आहे. तिथून उतरून दोन हात मारून परत यायला असा कितीसा वेळ लागणार?

मुलगी : बाबा, त्या शांत पट्ट्याचीच तर भीती आहे.

तिचे म्हणणे समजण्यासाठी ‘रिप’ म्हणजे काय ते पाहावे लागते. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी वाळूतल्या खोलगट वाटेने परत समुद्रात धावते. त्या अरुंद प्रवाहाला रिप म्हणतात. वाट खोल असल्यामुळे तिच्यावर लाटा फारशा फुटत नाहीत, पाणी थोडे गडद आणि गुळगुळीत दिसते, आणि नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. सर्फिंग करणारे याच प्रवाहाचा उपयोग करून कमी श्रमात लाटांच्या पलीकडे पोचतात. पोहणारा मात्र त्याच्या विरुद्ध हात मारत दमतो आणि बुडतो ते बहुधा दमल्यामुळे.

वडील : पाणी मालवणलाही ओढते. उधाणाची भरती कोणती आणि भांगाची कोणती, हे ओळखण्यात हयात गेली आहे, आणि समुद्र शेवटी सगळीकडे समुद्रच.

मुलगी : सगळीकडे समुद्र आहे, पण लाट सारखी नाही.

इथे मुलीची बाजू वस्तुस्थितीला धरून आहे. खोल समुद्रात लाटेची शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या आणि दोन लाटांमधील कालावधीच्या प्रमाणात असते. त्यामुळे पाच सेकंदांच्या अंतराने येणारी आणि पंधरा सेकंदांच्या अंतराने येणारी अशा एक-एक मीटरच्या दोन लाटा उंचीला सारख्या असल्या तरी दुसरीत पहिलीच्या तिप्पट शक्ती असते. दक्षिण महासागरात पश्चिमेचे वारे अडवणारी जमीन जवळपास नाहीच, म्हणून तिथल्या वादळांत उठलेल्या दीर्घ कालावधीच्या लाटा, ज्यांना ‘स्वेल’ म्हणतात, व्हिक्टोरियाच्या कड्यांवर जवळजवळ अख्ख्या ताकदीनिशी आदळतात. शिवाय त्या गटागटाने येतात आणि दोन गटांमध्ये काही मिनिटे समुद्र अगदी गरीब दिसतो. पाच मिनिटे पाण्याकडे पाहून अंदाज बांधणारा माणूस, मग तो कितीही जुना दर्यावर्दी असो, त्या मधल्या वेळेलाच खरा समुद्र समजण्याची शक्यता असते.

स्थानिक अनुभव तारतोच असेही नाही. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट 17 डिसेंबर 1967 रोजी याच राज्यातील पोर्टसीजवळच्या शेव्हियट किनाऱ्यावर पोहायला उतरले. तो किनारा त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता, सोबतची मंडळी काठावर होती, आणि होल्ट यांचा देह आजवर सापडलेला नाही. मेलबर्नमधल्या एका जलतरण तलावाला पुढे त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे नाव दिले गेले, याला औचित्य म्हणावे की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावे.

तरीही वडिलांची बाजू संपत नाही, कारण त्यांचा खरा मुद्दा समुद्राविषयीचा नाही.

वडील : धोका आहे हे मान्य केले, तरी तो कोणाचा? सहासष्टाव्या वर्षी हे शरीर कुठे आणि कसे खर्चावे, हे लेकीने ठरवायचे का?

जॉन स्टुअर्ट मिल हा विचारवंत मराठी वाचकाला आगरकरांमुळे परका नाही. ‘ऑन लिबर्टी’ या 1859च्या ग्रंथात त्याने असे उदाहरण दिले आहे की एखादा माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाऊल टाकत असेल आणि सावध करायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नसते. मात्र अपघाताची खात्री नसून केवळ शक्यता असेल, तर जाणत्या प्रौढाला सूचना द्यावी, बळाने अडवू नये. दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याच्या इच्छेआड येण्याच्या भूमिकेला संरक्षणवाद म्हणतात. आणि अडवणे केवळ त्याचे अज्ञान दूर होईपर्यंतच मान्य करणारा तिचा प्रकार सौम्य संरक्षणवाद होय. या कसोटीने पाहता रिप म्हणजे काय हे समजेपर्यंत वडिलांना थांबवणे योग्य ठरते, आणि समजल्यानंतरही ते उतरू पाहत असतील तर मुलीला गाडीची किल्ली खिशात घालून हटून बसता येत नाही.

मुलगी : पावसाळ्यात मालवणला आलेल्या पर्यटकांना ‘पुढे जाऊ नका’ असे तुम्हीच ओरडून सांगत होता. तेव्हा त्यांचे स्वातंत्र्य तुम्ही मोजत बसला होता का?

वडील : ते दारू पिऊन उतरत. आणि त्यांनी ऐकले नाही तर होडी घेऊन आम्हालाच जावे लागे.

हे शेवटचे वाक्य वडिलांच्या तोंडून सहज निघून गेले असले, तरी सगळ्या वादाची किल्ली त्यातच आहे. बुडणारा माणूस क्वचितच एकटा बुडतो. त्याच्यामागे कोणीतरी उडी घेते. 2019 सालच्या ईस्टरच्या रविवारी याच शेरब्रुक नदीच्या मुखापाशी एक पर्यटक पाण्यात सापडला आणि त्याला सोडवायला जवळच्या पोर्ट कॅम्पबेल गावाच्या स्वयंसेवी जीवरक्षक दलाची बोट निघाली. बोट उलटली. पर्यटक वाचला, बोटीवरचे दोन स्वयंसेवक, दुग्धव्यवसाय करणारे एक शेतकरी बाप-लेक, मरण पावले. त्या दोघांना या समुद्राचे अज्ञान मुळीच नव्हते.

मिलच्या पुलाखाली फक्त नदी आहे, मागून धावत येणारे कोणी नाही. ज्या कृतीचा परिणाम केवळ कर्त्यावर होतो ती त्याची खाजगी बाब, ही त्याची विभागणी कागदावर स्वच्छ दिसते, पण पहारा नसलेल्या समुद्रात जीव धोक्यात घालणारा माणूस दुसऱ्याच्या धैर्यावर परवानगीशिवाय उचल घेत असतो. म्हणून मुलीला वडिलांच्या भल्याचा कैवार घ्यावाच लागत नाही. वाचवायला जे येतील त्यांच्या वतीने नको म्हणण्याचा अधिकार तिला आहे, आणि तो कुठल्याही वयाच्या, कुठल्याही नात्याच्या माणसाविरुद्ध चालतो.

वडील : मग हाच न्याय उलटाही लागू होतो. परवा बेल्सच्या कड्यावर दोन तास बसवलेस. तिथे तुझी फळी सुटली असती, तर हा बाप लाकडी जिन्यावर उभा राहून पाहत राहिला असता असे वाटते तुला?

मुलगी : फळी घोट्याला दोरीने बांधलेली असते, बाबा. आणि बाजूला आणखी दहा जण होते.

वडील : दोरी तुटते. आणि त्या दहा जणांचा विचार कड्यावरून उडी घेताना सुचत नाही.

या मुद्द्यावर मुलगी निरुत्तर होते आणि ते योग्यच आहे. कौशल्याने धोका घटतो, परंतु काठावरच्या बापाचे पाण्यात झेपावणे घटत नाही. सर्फिंग येणाऱ्या लेकीने स्वतःचा धोका अचूक मोजला, तरी त्यात न झेपणाऱ्या पाण्यात उतरणाऱ्या बापाचा धोका मिळवलेला नसतो. अर्थात यावरून तिने सर्फिंग सोडावे असे निघत नाही. काठावरच्या माणसाची भीती हा त्याचा अधिकार नव्हे. भीतीला अधिकार मानले तर कोणत्याच घरातून कोणालाच बाहेर पडता येणार नाही, आणि आपल्याकडे मुलींच्या बाबतीत ते बराच काळ तसेच चालत आले. अधिकार निर्माण होतो तो वाचवायला जावे लागण्यातून, आणि तेवढ्यापुरताच.

एवढे मान्य केले तर निवाडा असा होतो. शेरब्रुकच्या मुखाशी वडिलांनी उतरू नये आणि मुलीने तिथे ठाम राहावे. टॉर्कीच्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या दरम्यान, म्हणजे जीवरक्षकांनी नजर ठेवण्यासाठी आखलेल्या पट्ट्यात, त्यांना मनसोक्त पोहायचे असेल, किंवा शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली फळीवर पोटावर झोपून फेसाळ लाट घ्यायची असेल, तर मुलीने वयाचा, गुडघ्यांचा किंवा भारतातल्या नातेवाइकांचा विषय काढू नये. ती स्वतः मात्र इतर सर्फर नसलेल्या ठिकाणी, काठावर एकटा बाप ठेवून पाण्यात जाणार नाही, हे तिने प्रवासाच्या आरंभीच कबूल करायला हवे होते. आणि रिपमध्ये कोणी सापडलेच, तर काठावरून आपत्कालीन क्रमांक 000 फिरवायचा, तरंगणारे काहीतरी फेकायचे आणि स्वतः आत शिरायचे नाही, हे वडिलांनी. दोघांपैकी वडिलांची कबुली अधिक अवघड आहे, आणि तिच्यावर भरवसा ठेवून मुलीने पाण्यात जाऊ नये.

व्हिक्टोरियात किनाऱ्यावरचा स्वयंसेवी पहारा साधारणपणे उन्हाळ्याच्या आरंभापासून ईस्टरपर्यंत असतो. मोठ्या लाटांचा मोसम त्यानंतर सुरू होतो.